खोडावरच्या गाठी

बाबांनी हात लावला की निवडुंगसुद्धा मान टाकतो, असं आई म्हणायची. "या खेपेलाही फसलात, तर मागच्या अंगणात सरळ फरशी घालायची!"

बाबा इरेला पेटले. ब्रसेल्स स्प्राउट्सचं बी पेरलं, रोपं तान्ह्या बाळासारखी जपली, अळ्या चिमट्याने वेचल्या. पाकिटावरच्या फोटोत खोडाला लिंबाएवढे कोबी खच्चून लगडले होते. इथे झाडं कमरेला लागली तरी खोड आपलं गुळगुळीत.

"घाला फरशी," शेवटी बाबा पडेल आवाजात म्हणाले.

आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.


"खचतोस काय रे! वर एकच गड्डा मोठा धरावा म्हणून खोडावरच्या बारीक गाठी मी रोज सकाळी खुडतोय ना!"