लगद्याची टाकी

"आज परत टाकीपाशी उभी होतीस?" मुकादमाने विचारलं. "ती काय बोलणार आहे तुझ्याशी?"

ती कागदगिरणीतल्या रद्दीच्या पट्ट्यापाशी आपल्या जागेवर जाऊन बसली. पट्ट्यावरून वह्या, पाकिटं, वर्तमानपत्रं सरकत यायची. त्यातलं प्लास्टिक नि पिना वेचून काढायच्या. उरलेलं पुढे टाकीत. तिथे पाण्यात घुसळून सगळ्याचा लगदा व्हायचा, अक्षरं धुऊन जायची आणि पलीकडून कोरा कागद निघायचा.

चार वर्षांपूर्वी त्या टाकीच्या काठावर तिच्या नवऱ्याच्या चपला सापडल्या होत्या. टाकी रिकामी करेपर्यंत सहा तासांचा लगदा कागद होऊन पुढे गेला होता. हाती काहीच लागलं नाही. मग गिरणीने त्याच्या जागी तिला कामावर घेतलं.

तेव्हापासून कोरा कागद बघितला की तो त्याच लगद्याचा असेल, असं तिला वाटायचं. दुकानदाराच्या पुडीचा कागदसुद्धा ती चुरगाळायची नाही. हाताने सपाट करून, घडी घालून कपाटात ठेवायची. न जाणो. कधी कधी टाकीच्या घरघरीत तिला स्वतःच्या नावाची हाक ऐकू यायची.

सासू मात्र खंबीर. एकुलता एक मुलगा गेला, तरी हिलाच सावरायची. रोज सकाळी डबा हातात देताना म्हणायची, "पोरी, सोड ती नोकरी. गेलेल्या माणसाला किती दिवस शोधशील?"

"आई, तिथं बसलं की हे जवळच आहेत असं वाटतं."

सासू तोंड फिरवायची. मग हिलाही भरून यायचं.

त्या दुपारी शहराकडून आलेल्या रद्दीचा गठ्ठा फुटला. एका फाटक्या पाकिटाला पिन होती. ती उपसताना आतला कागद अर्धा बाहेर आला आणि तिचा हात थबकला. लांब ओढलेल्या वेलांट्या, शब्दांवर तिरक्या रेघा. किराण्याच्या यादीत हेच अक्षर ती दर महिन्याला वाचत होती. सासूचं अक्षर.

पट्टा पुढे सरकत राहिला. तिने कागद उलगडला.

'लेका, तब्येतीला जप,' सासूने लिहिलं होतं. 'इकडची काळजी करू नकोस. तिला अजून काही कळलेलं नाही. बाळाचा फोटो मिळाला. नाक अगदी तुझंच आहे.'