कोणाचीच हरकत नव्हती

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात रेडिओवरून लेखी निरोप पाठवायची एक जुनी सोय होती. मूठभर लोकांसाठी सगळ्या जगाच्या संगणकांनी हे ओझं का वाहायचं, म्हणून ती काढून टाकायचं त्या गाभ्यावर काम करणाऱ्या आयविंदनेच सुचवलं. "कोणी वापरत असेल तर कळवा," अशी ईमेल टाकून त्याने महिनाभर वाट पाहिली. एकही उत्तर आलं नाही. "मेलेल्यासाठी रडायलाही कोणी नाही बघ," सहकारी सिग्ने हसली, आणि ती सोय गेली.

ईस्टरला तो उत्तरेकडच्या बेटावर हिल्डुर आत्याकडे गेला आणि तिच्या संगणकावर पेनड्राइव्हवरून नवीन लिनक्स चढवून आला. उन्हाळ्यात पुन्हा गेला, तर आत्याने नेहमीसारखं वाफलचं पीठही भिजवलेलं नव्हतं. ती रेडिओशेजारी नुसती बसून होती.

"पलीकडच्या बेटावरची ओडनी रुसलीय रे. रोज संध्याकाळी रेडिओवरून तिचे चार शब्द पडद्यावर यायचे, ते ईस्टरपासून बंद. माझंच काहीतरी लागलं असेल तिला. होडी काढून जावं, तर तोंड दाखवायची लाज वाटते."

आयविंद खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"ती रुसली नाही गं आत्या. रेडिओवरून निरोप यायची सोय मीच काढली. पण आधी सगळ्यांना विचारलं होतं मी, ईमेलवर."





"इथे ईमेल येत असती, तर आम्ही दोघी रेडिओवर कशाला बोललो असतो रे?"