दात काढायला सांगितलंय

"हं, आता हसा," मास्तर म्हणाले.

बॅटरीवाला हसला नाही. मास्तर प्रत्येक विनोद कवायतीच्या आवाजात सांगत होते आणि त्याचा शेवट आधीच सांगून टाकत होते.

मास्तर म्हणजे त्याचे सासरे. शाळेत कवायत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतः कधी हसले नाहीत, वर्गालाही हसू दिलं नाही. मुलीचं लग्न ठरताना त्यांची एकच तक्रार होती: "मुलगा चांगला आहे, पण सारखा दात काढतो."

आज सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, नवे डॉक्टर म्हणतात, यांना दिसेल. पण आधी दात काढायला सांगितलंय. हे ऐकतच नाहीत. तुम्ही येऊन समजवा."

मास्तर हातातला चहा तसाच ठेवून निघाले.

दुकानात बॅटरी फुटून ॲसिड डोळ्यांत उडालं, तेव्हापासून बॅटरीवाला हसला नव्हता. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी झाली होती. दोनदा दुसऱ्याचं बुबुळ बसवून पाहिलं. दोन्ही वेळा थोडे दिवस दिसलं आणि मग सगळं पुन्हा गढूळ झालं. आता त्याला आणखी एक ऑपरेशन नको होतं. बायकोचा चेहरा त्याला नीट आठवेनासा झाला होता. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

"जावईबापू," मास्तरांचा आवाज खाली आला, "तेव्हा मी नको म्हणत होतो. आता मीच सांगतोय. काढा हो दात. अगदी मनसोक्त काढा."

बायको हॉस्पिटलची पिशवी घेऊन आत येत होती. ती दारातच थांबली.

"मनसोक्त कशाला, बाबा? एकच काढायचाय. सुळा."

"सुळा?"

"उपटायचा. दुसऱ्याचं काही यांच्या डोळ्याला मानवत नाही ना, म्हणून यांचाच दात. त्याला भोक पाडून त्यात बारीकशी लेन्स बसवणार, काही महिने गालाच्या कातडीखाली जगवून ठेवणार आणि मग डोळ्यात."

"डोळ्यात दात?" मास्तर उठून उभे राहिले. "मग मी सकाळपासून विनोद कशाला सांगतोय?"

मग खुर्चीतून एक बारीक आवाज आला. बॅटरीवाल्याचे खांदे हलत होते.

"हे बघ," मास्तर घाईनं मुलीला म्हणाले, "यांचा दात चालला नाही तर माझा घ्या म्हणावं."

"कवळीतला? ती तर तुम्ही घरी वाटीतच विसरून आलात. म्हणून तर एक विनोद धड कळत नव्हता."

बॅटरीवाला पोट धरून हसला. त्याला ठसका लागला. बायकोनं पाण्याचा पेला हातात दिला, तेव्हा त्यानं पेल्याबरोबर तिचा हातही धरला.

"चल," तो म्हणाला. "काढून टाकू दात."

सुळा निघाला. लेन्स बसवून तो गालात ठेवला. गोळी चघळत असल्यासारखा गाल फुगवून बॅटरीवाला घरात वावरू लागला. मग पुन्हा ऑपरेशन झालं आणि दात डोळ्यात गेला.

पट्टी निघाली त्या दिवशी सगळे खोलीत जमले होते. पापण्यांमध्ये आता गालाच्या आतली गुलाबी कातडी होती आणि मधोमध लेन्सचा एक काळा ठिपका. तो बघतोय की नाही, हे त्या डोळ्यावरून काही कळत नव्हतं.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

बायको त्याच्यासमोर वाकली. "अहो, मी दिसतेय का?"

तो तिच्याकडे तोंड करून तसाच बसून राहिला. बायकोनं घाबरून डॉक्टरांकडे पाहिलं.

तिच्या मागे मास्तर उभे होते. काय करावं हे त्यांना सुचेना. मग आजवर कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. अजिबात आवाज न करता, बोळकं तोंड कानापर्यंत फाकवून ते हसले.

बॅटरीवाल्यानं हात पुढे करून बायकोच्या गालावरचं पाणी बरोबर पुसलं. मग त्याची मान हळूच वळली आणि तिच्या खांद्यावरून मागे थांबली.

"मामा," तो म्हणाला, "तोंडात एक नाही, आणि दात कसले काढताय?"