एकही घर नाही

नव्या आराखड्यात मासळी मार्केटला जागा ठेवायची की नाही, याची सुनावणी होती आणि गंगू कोळीण सकाळपासून पनवेलच्या त्या हॉलमध्ये चुळबुळत बसली होती. पाटी जावेच्या हवाली करून आलेली, तिकडे बर्फ वितळत असणार, आणि इथं कुणाला म्हणून घाई नाही!

शेवटी मार्केटशेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी परेश उठले. "साहेब, आमच्या सोसायटीत मासे खाणारं एकही घर नाही. मग दारात मार्केट कशाला?" मागे बसलेल्या वीस-पंचवीस रहिवाशांनी माना डोलावल्या.

गंगूच्या अंगाचा तिळपापड झाला. यातल्या कुठल्या घरात सुरमई जाते आणि कुठल्या घरात कोलंबी, हे तिला तोंडपाठ होतं. ती ताडकन उठली.

"बोला मावशी," साहेब म्हणाले.

तिनं मागे वळून पाहिलं. एकजात सगळे जमिनीकडे बघत होते. गिऱ्हाइकाचं घर चारचौघांत उघडं करू नये, ही सासूची शिकवण नेमकी तेव्हाच आडवी आली. पदर पिळत ती एवढंच म्हणाली, "आमची पोटं त्याच्यावरच हायत, सायेब. आमी आनिक काय सांगनार?"

साहेबांनी यादीतल्या मार्केटवर काट मारली.

जिन्यात परेशनी तिला गाठलं. वर-खाली कोणी नाही ना, ते बघून हळूच म्हणाले,



"मावशी, उद्या बुधवार. दोन पापलेटं ठेवा... आणि पिशवी नेहमीसारखी काळीच द्या हं!"