केवळाबाईची पेटी

१९८६ सालची गोष्ट. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. जळकोटच्या पुढं रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. खडी तेव्हा हातानं फुटायची. बाया रांगेनं बसायच्या आणि हातोड्यांचा आवाज पार शिवेपर्यंत जायचा.

केवळाबाई रांगेच्या टोकाला बसली होती. तिचा डावा पाय लहानपणीच वाळलेला. तो पुढं लांब करून ती दगड फोडत होती. अपंग म्हणून तिला निराधारचा पगार मंजूर होता, पण दिवाळीपासून तो आलाच नव्हता. नवरा वारलेला. एकुलती लेक शेवंता उदगीरच्या दवाखान्यात पडली होती. टँकरचं पाणी बाधून हगवण लागलेली. सलाईन बाहेरून आणा, आज रात्रीच्या आत आणा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

कामावर पगारवाटपाचा दिवस होता. बिनबुडाची लाकडी पेटी मांडायची आणि प्रत्येकीची आठवड्याची खडी तिच्यात टाकायची. पेटी भरली तर पैसे हातात, नाही तर पुढच्या आठवड्यावर. शेवंतापायी केवळाबाई त्या आठवड्यात कामावर आली तीच उशिरा. तिच्या खडीनं पेटी पावसुद्धा भरली नसती.

सकाळपासून बाया पाणी प्यायला जाता-येता तिच्यापाशी थांबत होत्या. एक टोपलं नागुबाईचं, एक पारूबाईचं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"नका गं बायांनो. तुमचं कमी पडंल."

"गप बस," नागुबाई म्हणाली. "माझा ढीग लई झाला, सांडूनच राहिला व्हता. तुझ्याकडं सांडला."

दुपारी मुकादम ज्ञानोबानं पेटी मांडली. केवळाबाईची खडी काठाला लागली. ज्ञानोबानं तिच्याकडं पाहिलं, मग बायांकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "भरली!"

तेवढ्यात तपासणीची जीप आली. नायब तहसीलदार रांगेच्या कडेनं चालत आले आणि केवळाबाईच्या काठीपाशी थांबले.

"तुम्ही परवा ऑफिसात आला होता ना? पगार द्या, नाही तर तातडीची काही मदत तरी द्या म्हणून?"

"व्हय साहेब. तुम्ही म्हणलाव, फेरतपासणीला अपंगाचा मूळ दाखला लागतो आन् तो उस्मानाबादेत हाय."

"तिथंच आहे. अजून आलेला नाही."

"माझा पाय तर कवाच लातूर जिल्ह्यात आला साहेब. दाखलाच कामून मागं राह्यला?"

बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. ते पेटीकडं पाहत होते.

"ही खडी कुणाची?"

हातोडे थांबले.

"कष्टाचं काम होत नाही म्हणून तुम्ही सरकारचा पगार घेता. मग ही पेटी कुणी भरली? दुसऱ्यांची खडी असेल तर सांगा. हजेरीत खोटेपणा असेल तर मी सगळ्या टोळीचा पगार रोखून धरीन. मुकादमाचाही."

ज्ञानोबानं मान खाली घातली. नागुबाई उठायला लागली, तसा केवळाबाईनं तिचा पदर खाली ओढला.

"माझीच हाय," ती म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

"मग तुम्ही अपंग कशा?"

केवळाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. उदगीरची एसटी यायची वेळ झाली होती.

"न्हाई साहेब, अपंग न्हाई. तसं लिवा तुम्ही. पर आजचे पैसे आजच देऊन टाका."

साहेबांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "लिहून घ्या." कारकुनानं अंगठा घेतला. मग पैसे दिले.

जीप गेल्यावर नागुबाईनं हातोडा भिरकावून दिला. "आगं, आमच्या टोपल्यांनीच तुझं वाटोळं केलं की गं! फुटक्या नशिबाची! म्हणायचं व्हतं, ह्यांची खडी हाय म्हणून. आमचा पगार अडला असता आठ दिवस, त्यात काय मरत व्हतो आमी?"

"शेवंता मेली असती," केवळाबाई म्हणाली. "हात दे. उठव मला. एसटी निघून जाईल."

शेवंता वाचली. पुढं तिला निलंग्याकडं दिली. आता तिच्या घरात सुना आहेत. ज्ञानोबा काम बंद पडल्यावर ऊसतोडीला कर्नाटकात गेला आणि तिकडंच राहिला. नागुबाई भूकंपाच्या आदल्या वर्षी वारली. नायब तहसीलदार बढती मिळून नांदेडला गेले.

केवळाबाई त्या रस्त्यावर आणि त्याच्या पुढच्या रस्त्यावर खडी फोडत राहिली, यंत्रं येईपर्यंत. जळकोट तालुका झाल्यावर गावातल्या पोरांनी तिला नव्या तहसिलीत नेलं आणि पगाराचा अर्ज पुन्हा भरला. कारकून नवा होता, तरुण होता. जुने कागद चाळून त्यानं विचारलं,

"आजी, अपंग कधीपासून आहात?"

"बारकी व्हते तवापासून."

"मग मधली इतकी वर्षं पगार बंद कसा?"

"मधी सरकारनं मला बरी केली व्हती, बाबा."