सरांच्या दगडावरचा शब्द

"बाकी सगळं कोरतो, ताई. हा एक शब्द मात्र नाही," पाथरवट म्हणाला आणि त्यानं कागद तिच्या हातात परत दिला.

कबरीच्या दगडासाठी लिहिलेल्या त्या कागदावर तिच्या वडिलांचं नाव होतं, जन्माचं नि मृत्यूचं साल होतं आणि खाली एकच शब्द होता: नीतिमान. तो शोधायला तिला दोन मिनिटंही लागली नव्हती. बाबा म्हणजे शाळेतले सर, चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ. रविवारी उपासनेला जाताना ते तिचं बोट धरून चालायचे, आणि स्वतः नेहमी गाड्यांच्या बाजूला. शनिवारी घरातले सगळे बूट ओळीनं मांडून पॉलिश करायचे. तिचे सगळ्यांत आधी. पॉलिशचा तो वास अजूनही कुठे आला की तिला आठ वर्षांची झाल्यासारखं वाटे. कुणी तोंडावर कौतुक केलं की बाबा चष्मा पुसत बसायचे. केवढा हा विनय, असं ती समजायची.

"का नाही कोरणार?" तिचा आवाज चढला. "तुम्ही ओळखत तरी होता का त्यांना?"

म्हाताऱ्यानं छिन्नी खाली ठेवली. फडक्यानं ओटा झटकून तिला बसायला जागा केली.

"शाळेचं ग्रंथालय जळलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. ती तिसरीत होती. मधल्या सुट्टीत मागच्या खोलीतून धूर आला आणि गोष्टींची सगळी पुस्तकं गेली. त्यानंतर शिपाईमामाही शाळेत दिसले नाहीत. फार लाडके होते ते मुलांचे. ज्याचा वाढदिवस असेल त्याला घंटा वाजवू द्यायचे. तिनं म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं. केस पांढरे झाले होते, गाल बसले होते, पण भुवया त्याच होत्या.

"मामा? तुम्ही?"

"मीच. आग सरांच्या सिगारेटनं लागली, ताई. पुस्तकांच्या कपाटामागे उभे राहून चोरून ओढायचे. समितीनं विचारलं तेव्हा सर एवढंच बोलले, ‘चावी शिपायाकडे असते.’ खोटं नव्हतं ते. चावी माझ्याकडेच असायची."

आठवड्याच्या आत मामांची नोकरी गेली. नोकरीबरोबर राहायची खोलीही गेली. बायकामुलांना घेऊन ते मेव्हण्याकडे आले आणि त्याच्या हाताखाली दगड फोडायला लागले. सरांना ग्रंथालयाच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांनी पाहिलं होतं. पण सरांच्या शब्दापुढे शिपायाचा शब्द कोण ऐकणार होतं?

"अकरा वर्षांनी सर इथे आले," मामा म्हणाले. "याच ओट्यापाशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. सगळं कबूल केलं. समितीलाही पत्र लिहिलं होतं. तिथे कुणाला जुनी राख उकरायची नव्हती. पत्र कपाटात गेलं. पुढे सरांनी खटपट करून माझी नोकरी परत मिळवली, तर मीच नको म्हटलं. मुलांपेक्षा दगड बरे, गप्प बसतात." ते किंचित हसले. "मग दर शनिवारी यायचे. शेवटपर्यंत."

शनिवारी दुपारी बाबा डबा घेऊन कुठेतरी जात. आजाऱ्यांना भेटायला जातात, असं घरात सगळे धरून चालले होते.

"मला का नाही सांगितलं कधी?"

"धीर होत नव्हता. म्हणायचे, ‘तिच्या नजरेत जो बाप आहे तो मी नाही.’"

तिनं कागदाची घडी घातली. राग कुणाचा येतोय तेही कळेना.

"खोडा तो शब्द. नुसतं नाव असू द्या."

"थांबा. सर मला बजावून गेलेत. ‘माझी मुलगी हा शब्द घेऊन येईल. लगेच कोरू नकोस. आधी तिला सगळं सांग. ऐकूनही तिनं तोच मागितला, तर कोर.’"

"असं सगळं करून वर नीतिमान म्हणवून घ्यायचं?"

"मीही हेच विचारलं होतं. सर म्हणाले, ‘माझ्या वागण्यानं तो शब्द मला कधीच मिळाला नसता. येशू जसा जगला तसं मी एक दिवसही जगलो नाही. पण देव माझ्याकडे बघतो तेव्हा येशूचं जगणं माझं म्हणून धरतो. मी फक्त ते घ्यायला हात पुढे केला.’"

पलीकडे कुणीतरी फरशी घासत होतं.

"आणि तुम्हाला चालेल?" तिनं विचारलं. "तुमचं घर मोडलं त्यांनी. तुमच्याच हातानं तुम्ही त्यांना नीतिमान म्हणणार?"

मामांनी मान खाली घातली.

"ताई, त्या अकरा वर्षांत मी रोज गुडघे टेकून देवाकडे एकच मागत होतो. सरांचं लेकरू मरू दे. तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मागायचो. घंटा वाजवताना हसायचात ना, तो चेहरा." त्यांचा आवाज फुटला. "सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते माझा हात धरून रडले. माझ्याही दगडावर तोच शब्द घालायचं ठरलंय आमचं. तुमची हरकत नसेल तर."

तिनं कागद उलगडला, मामांच्या धुळीनं भरलेल्या हातात ठेवला आणि तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"कोरा, मामा. दोन्ही दगडांवर कोरा."