व्यसन सुटलेला जावई

शरदरावांनी जावयापुढे हात जोडले तेव्हा निशांत सोफ्यावरून अर्धवट उठला आणि तसाच अवघडून उभा राहिला.

"निशांतराव, आता तुम्हीच याला समजवा," ते म्हणाले. "तुम्ही एका दिवसात गांजा सोडलात. याला का जमू नये?"

यशवर्धन बापाच्या मागे मान खाली घालून उभा होता. तेविसाव्या वर्षी इंजिनीअरिंगचे तीन विषय राहिलेले, आणि त्या सकाळी त्याच्या कपाटात पुन्हा पुडी सापडलेली. मागच्या खेपेला शरदरावांनी त्याला आठ दिवस खोलीत कोंडला होता. या वेळी गावाहून, हातोदहून, तडक बसमध्ये घातला आणि शहरात छत्रीबागेत लेकीकडे आणला. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, पण पोटच्या पोरापुढे त्याने हात टेकले होते.

निशांतची गोष्ट सासरी सगळ्यांना पाठ होती. त्याच्या बायकोला, शर्वरीला, दमा होता. निशांत ऑफिसातून आला की गच्चीवर जाऊन गांजाची सिगरेट ओढायचा. गेल्या दिवाळीत तो धूर खिडकीतून झोपायच्या खोलीत शिरला आणि शर्वरीचा श्वास अडकला. दोन दिवस तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. तिचा हात हातात धरून निशांतने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आजपासून बंद.

नऊ दिवस त्याने ते पाळलंही. दहाव्या दिवशी त्याला ना झोप, ना भूक. ऑफिसातल्या एका मित्राने तळहातावर मावेल एवढं, गांजा न जाळता ओढायचं यंत्र दिलं. "यात काही जळत नाही भिया, नुसतं तापतं. धुआँ नहीं, भाप." निशांतने त्याबद्दल सापडेल ते सगळं वाचून काढलं. धुरापेक्षा वाफेने छातीला कमी त्रास होतो, असं कुठे कुठे लिहिलेलं होतं. बाथरूममधला पंखा लावला की पाच मिनिटांत वासही उरत नव्हता. शर्वरीचा खोकला थांबला. हे आपण तिच्यासाठीच करतोय, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

पण धुरासाठी गच्ची चढावी लागायची, संध्याकाळ व्हावी लागायची. वाफेला कसलीच वाट बघावी लागेना. सकाळी आंघोळीआधी, दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून, संध्याकाळी, झोपताना. एकाचे चार झाले. आणि इकडे कौतुक वाढतच गेलं. शरदरावांनी आख्ख्या हातोदला सांगितलं. लग्नकार्यात लोक त्याला बाजूला घेऊन आपापल्या पोरांबद्दल विचारू लागले. पहिल्या आठवड्यात पकडला गेला असता तर एक भांडण झालं असतं आणि संपलं असतं. आता पकडलं जायची सोय राहिली नव्हती आणि सांगायची तर त्याहून नाही.

शर्वरीने दोघांना आतल्या खोलीत पाठवलं आणि ती चहा ठेवायला गेली.

निशांतने ठरलेलं बोलायला सुरुवात केली. मन घट्ट करायचं. पहाटे पळायला जायचं. वाईट संगत तोडायची. आजवर तीन नातेवाइकांच्या पोरांना त्याने हेच सांगितलं होतं. यशवर्धन ऐकत होता. मग मान वर न करताच त्याने विचारलं, "जीजाजी, दहा दिवस झाल्यावर तुम्ही काय केलंत? मी तीनदा सोडून बघितलं. दहा दिवसांच्या वर जातच नाही. बाबा रोज म्हणतात, निशांतरावांना जमलं. मग मला वाटतं, खोट माझ्यातच आहे. ऐसे में जी के क्या करना."

शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला. निशांतकडे उत्तर तयार होतं. प्राणायामाचं. आधी ते सगळ्यांना पटलं होतं. या वेळी त्याने ते बाजूला ठेवलं.

"यश," तो म्हणाला, "माझं काही सुटलेलं नाही. सुटला तो फक्त धूर. मी वाफ घेतो. दिवसातून चार वेळा. दहाव्या दिवशी मीसुद्धा हरलो."

यशवर्धनने मान वर केली. "मतलब, मी एकटाच नाही," तो पुटपुटला, आणि तोंडावर हात दाबून लहान मुलासारखा रडायला लागला.

दारात शर्वरी उभी होती. हातातला ट्रे तिरका झाला होता आणि चहा बशांत सांडला होता. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. निशांतला तिच्याकडे बघवेना. तिने ट्रे पलंगावर ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

बाहेरून शरदरावांनी विचारलं, "शर्वरी, पटलं का गं त्याला?"

तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"वेळ लागेल बाबा," ती दाराआडून म्हणाली. "एक नाही, दोघं आहेत."